कापसाच्या ढिगात गेलेली सलीमभाईंची फाईल

जमलेल्या सगळ्या थोरामोठ्यांनो, भाऊ-बहिणींनो, शबानाभाभी, आणि सुलतानपूरहून निंदण टाकून टेम्पोनं आलेल्या तायांनो,

या माईकची एक वायर सैल आहे. मघापासून खरखर चाललीय. आणि मघापासून मी एक गोष्ट पाहतोय. जो कोणी इथं बोलायला उभा राहतो, तो खरखर झाली की थांबतो आणि उजवीकडे पाहतो. सरपंचांनी पाहिलं. मास्तरांनी पाहिलं. सवयच आहे आपल्याला. उजवीकडून सलीमभाई उठणार, वायर दातानं सोलणार, पीळ देणार, आणि म्हणणार, "हां, बोला आता. पन थोडक्यात." आज उजवीकडून कोणी उठलं नाही. म्हणून बोलणं जड जातंय. नाहीतर मला बोलता येत नाही असं या गावात कोणी म्हणणार नाही. मला थांबता येत नाही, अशी तक्रार आहे.

म्हणून मी लिहून आणलंय. भाभींनी सकाळीच बजावलं, "गजू, भाई के बारे में बोलना. अपनी हार्वेस्टर की कहानी लेके मत बैठना." नाही बसत, भाभी. रस्ता सोडला तर तुम्ही खोका. मी परत येतो.

तर मी गजानन. गजू. मी साखरखेर्ड्याचा नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मी तसा कुठलाच नाही. शाळा मध्येच सुटली, आयटीआय अर्धं झालं. मग हार्वेस्टरवर पंजाबपर्यंत गेलो. तिथं एकदा गव्हाच्या शेतात एक उंट घुसला आणि तो उंट असा काही...

खोकल्या. बरं. उंट राहू द्या.

एकदा जालन्याहून येताना एसटी इथं बंद पडली. कंडक्टर म्हणाला, मागून दुसरी येते. ती येईपर्यंत मी भाईंच्या दुकानाच्या पायरीवर टेकलो. आतून आवाज आला, "अबे, बसलाच हाय तं हे पकड." हातात टॉर्च आली. मी टॉर्च धरली. भाई कोणाच्या तरी मोटारीचं स्टार्टर उघडून बसले होते. दुसरी एसटी आली, भोंगा वाजवला, गेली. मी टॉर्च धरून उभाच. भाई म्हणाले, "तुही गाडी गेली ना बे?" मी म्हटलं, "हाव." म्हणाले, "मंग आता नीट धर. हलवू नको."

तेव्हापासून मी इथंच आहे. अधूनमधून पळतो, पण परत येतो.

बाहेरगावाहून आलेल्यांसाठी थोडं सांगतो. सलीमभाई पॉलिटेक्निक शिकलेले. पुण्याला एका कंपनीत होते, यंत्रांच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक पाट्या बनवायचे. वडील गेले, शेत पाहायला कोणी नाही, म्हणून परत आले. कापूस लावला, इन्व्हर्टर-स्टार्टरचं दुकान टाकलं. हुशार होते, आणि तेवढेच धांदरट. चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधायचे, हे सगळेच करतात. भाई तो चष्मा शोधायला शेजाऱ्यांना बोलवायचे.

आणि त्यांनी डब्बा बनवला.

डब्बा सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगतो. कापसात आपण कामगंध सापळे लावतो. मादीच्या वासाची गोळी ठेवायची, बोंडअळीचे नर पतंग येऊन अडकतात. रोज सकाळी जाऊन मोजायचे. पतंग वाढले तर फवारणी, नाहीतर नाही. पण रोज मोजतो कोण? शेजाऱ्यानं पंप काढला की आपण काढतो. भाईंचा डब्बा सापळ्याच्या वर बसायचा, पहाटे फोटो काढायचा, पतंग मोजायचा आणि मोबाईलवर एकच शब्द पाठवायचा. 'फवारा', नाहीतर 'थांबा'.

त्या 'थांबा'ची किंमत आमच्या मंदाताईंना विचारा. सुलतानपूरच्या मंदाताई, त्या समोर बसल्यात, आणि शेजारी विष्णुभाऊ, त्यांचे मालक. बोंडअळीनं सगळ्यांचा बीटी कापूस खाल्ला त्या वर्षी विष्णुभाऊंनी पाठीवरचा पंप उतरवलाच नव्हता. भर उन्हात, वारा तोंडावर, मिसळून आणलेलं औषध. एका दुपारी बांधावर पडले. डोळ्यांसमोर अंधार, तोंडाला फेस. दवाखान्यातून घरी आले तेव्हा डॉक्टरांनी ताईंना सांगितलं होतं, यापुढं यांना पंपापासून जेवढं दूर ठेवाल तेवढं बरं. पण सांगा, कापूसवाल्याला पंपापासून दूर कसं ठेवणार? शेत कोणाचं? पंप कोण मारणार? मजूर मिळतो का?

म्हणून डब्बा. ताईंच्या शेतात डब्बा लागला आणि विष्णुभाऊंचा पंप बहुतेक दिवस खुंटीला राहायला लागला.

भाई गेले त्या दिवसापासून मला जो भेटतो तो आधी डोळे पुसतो आणि मग हळूच विचारतो, "गजू, आता डब्ब्याचं कसं?" विचारायला लाजू नका. भाईंनीही तेच विचारलं असतं. त्याचं उत्तर द्यायलाच मी उभा आहे. पण उत्तर एका गोष्टीतून जातं, आणि ती गोष्ट हसण्यासारखी आहे. हसू आलं तर हसा. भाभींनी परवानगी दिली आहे. दिली ना, भाभी?

दिली.

तर डब्बे लागल्यावर एका साली कापसाला भाव नव्हता. उद्या वाढेल, परवा वाढेल म्हणून जो तो कापूस घरात भरून बसलेला. तुमच्याकडं झालं तेच भाईंकडं. आधी ओसरी भरली. मग मधली खोली. मग राहिली ती भाईंच्या संगणकाची खोली. भाभी म्हणाल्या, मशीन उठाओ वहाँ से. भाई म्हणाले, "त्याले काय लागते? हवाच तं लागते. कापसात हवाच हवा असते." आणि संगणक चालूच ठेवला. का, तर चालू-बंद केल्यानं यंत्राचं आयुष्य कमी होतं, असं त्यांचं मत. दुकानातला पंखाही त्यांनी कधी बंद केला नाही.

गडी कापूस टाकत गेले. टेबल बुडालं. खुर्ची बुडाली. त्यात तो अळी लागलेला कापूस, हात लावला की अंगाला खाज. त्या खोलीत कोणी जाईना. संगणक बिचारा आत एकटा, पंख्यानं रुई ओढतोय आणि तापतोय.

एका दुपारी भाभी म्हणाल्या, काहीतरी जळतंय. आम्ही धावलो. खाजवत खाजवत कापूस उपसला. नशीब, आग धरली नव्हती. पण संगणक आतून पार काळा. भाई त्याच्यासमोर उकिडवे बसले. मग म्हणाले, "काही नाही बे. दुसरी कॉपी हाय."

मी म्हटलं, "कुठं?"

"पेनड्राईव्हमधी."

"पेनड्राईव्ह कुठं?"

भाईंनी बोट दाखवलं. संगणकाच्या मागच्या बाजूला पेनड्राईव्ह लावलेला होता. लावलेला म्हणजे, आता चिकटलेला. वितळून.

हसा, हसा. भाई स्वतः ही गोष्ट सांगताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे. पण त्या दिवशी नाही हसले.

आता हरवलं काय, ते सांगतो. डब्ब्याला वीज मिळाली की त्याच्यात सगळ्यात आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो. त्याला बूटलोडर म्हणतात. मंदाताईंनी विचारलं होतं, थे काय असते? भाई म्हणाले, "ताई, घरात सगळ्यात आंधी कोन उठते?" ताई म्हणाल्या, "मीच उठतो. दुसरं कोन उठते?" भाई म्हणाले, "मंग तेच. चूल पेटवते, पानी कुठं हाय पाह्यते, अन् बाकीच्याइले हालवून उठवते. बूटलोडर म्हनजे तुम्ही. थो उठला नाही तं अख्खं घर झोपून राह्यते."

हा बूटलोडर तयार करताना एक फाईल लागते. मंडपवाल्याचा स्विचबोर्ड असतो ना, तशी. हा खटका वर, तो खाली, हा वर. असे ओळीनं शेकडो खटके. ते कोणते वर आणि कोणते खाली, हे भाईंनी कित्येक महिने खपून बसवलं होतं. ती फाईल म्हणजे सगळं. आणि ती फाईल कापसाच्या ढिगात जळून गेली.

जुने डब्बे चालू होते, त्यांना काही झालं नाही. त्यांच्यात तयार बूटलोडर बसलेला होता. पण जुन्या डब्ब्यांना उन्हा-पावसानं घेरलं, एक विजेनं गेला, एकाची वायर माकडांनी ओढली. पुढच्या हंगामाला नव्या पाट्या मागवल्या. त्या आल्या तर त्यांच्यावरची मेमरीची चिप वेगळी! जुना बूटलोडर तिला ओळखेना. नवा बांधायचा, तर फाईल नाही.

शेतात कापूस गुडघ्याला लागलेला. पात्या, म्हणजे फुलांच्या कळ्या, धरायच्या आत डब्बे उभे राहायला पाहिजेत. आणि मंदाताई साखरखेर्ड्याला येऊन बसल्या. मांडीवर त्यांचा जुना डब्बा. सगळ्यांत तेवढा एकच धड होता.

भाई म्हणाले, "ताई, हा डब्बा मले खोलू द्या."

ताई म्हणाल्या, "चालू डब्बा कायले खोलता? नवे बसवा ना."

भाईंनी मान खाली घालून सगळं सांगितलं. कापूस, संगणक, पेनड्राईव्ह. ताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सलीमभाऊ, बीटीची थैली आमी दर साली नवी आनतो, घरचं बी चालत नाही म्हनून. तुमचा डब्बाही तसाच निंघाला म्हना. पीक हातात, अन् बी कुठीच नाही."

भाईंना ते लागलं. मी पाहिलं ना. शिवी दिली असती तर एवढं लागलं नसतं.

तेवढ्यात दारातून विष्णुभाऊ म्हणाले, "जाऊ द्या हो भाऊ. एवढं काय त्यात. मी मारतो ना फवारा. तोंडाले फडकं बांधतो." बॅटरीचा पंप घेऊनच आले होते, दुरुस्तीला. ताईंनी त्यांच्याकडं पाहिलं. मांडीवरचा डब्बा उचलला आणि भाईंच्या हातात दिला.

"खोला," म्हणाल्या. "पन मी इथून उठत नाही."

आणि खरंच उठल्या नाहीत. भाभींनी चहा दिला, जेवू घातलं. ताई तिथंच.

भाईंनी चिपेला चिमटा लावला आणि तयार बूटलोडर जसाच्या तसा लॅपटॉपवर उतरवून घेतला. लॅपटॉप माझा, मोबाईलच्या दुकानातून पगाराच्या बदल्यात आणलेला. त्यात एक सिनेमाही अर्धा...

हो भाभी, हो.

तर आता भाजी हातात होती, आणि मसाला ओळखायचा होता. भाभी म्हणाल्या, त्यात काय, मी वासावरनं सांगते धने किती पडले. भाई म्हणाले, "हे वांगं नाही व्हय." तयार बूटलोडर म्हणजे सगळे आकडे. त्यात मधे मधे वाचता येणारे शब्द सापडतात. भाई ते शब्द पाहून एक एक खटका आठवत होते. हा वर असंल, हा खाली असंल. मग नवा बूटलोडर बांधायचा, नव्या पाटीवर टाकायचा, वीज द्यायची.

डब्बा गप्प.

परत बसले. परत बांधला. डब्बा गप्प. तिसऱ्यांदा लाल दिवा लागला, भाई उठून उभे राहिले, आणि दिवा विझला.

मग भाईही गप्प झाले. लोकहो, सलीमभाई गप्प बसलेले तुम्ही कोणी पाहिलेत? मी तेव्हा पाहिले. त्यांचं बोट एका खटक्यावर ठेवलेलं, आणि ते बोट हलत नव्हतं. म्हणाले, "गज्या, मले नाही आठवत बे. मीच बनवलं, अन् मलेच नाही आठवत."

मी आपला लॅपटॉप ओढला आणि त्यात सापडलेले शब्द वाचत बसलो. वरून खाली. काही कारण नाही, मला जे दिसेल ते वाचायची सवय आहे. एसटीत बसलो की सीटच्या पाठीवर कोणी काय कोरलं तेही वाचतो. तसंच हे. बूटलोडरला काही हुकूम देता येतात, आणि प्रत्येक हुकुमाचा अर्थ एका ओळीत लिहिलेला असतो. मी मोठ्यानं वाचत होतो. हा हुकूम मेमरी दाखवतो. हा घड्याळ लावतो. हा बांधणीची फाईल छापून दाखवतो. हा पुन्हा सुरू...

"थांब बे! मांगे जाय."

"कुठं मांगे?"

"आत्ता काय म्हनला?"

"घड्याळ लावतो."

"त्याच्या पुढचं, गाढवा!"

मी परत वाचलं. बांधणीची फाईल छापून दाखवतो.

भाई खुर्चीवरून असे उठले की चहाचा कप ताईंच्या लुगड्यावर. म्हणाले, हा हुकूम आपोआप येत नाही. त्याचा एक खटका असतो. तो खटका वर असंल तरच ही ओळ आत जाते. आणि तो खटका वर असंल तर ओळ एकटी जात नाही. खटक्यांची अख्खी फाईल, दाबून, गाठोडं बांधून, बूटलोडरच्या पोटात ठेवलेली असते.

ताई लुगडं झटकत म्हणाल्या, "म्हनजे यातच हाय?"

"यातच हाय, ताई! पयल्या दिवसापासून यातच हाय!"

"मंग त्याले हुकूम द्या ना."

आणि भाईंचा चेहरा पुन्हा पडला. हुकूम ऐकण्यासाठी डब्बा सुरू होताना क्षणभर थांबतो. किती थांबायचं, याचाही खटका असतो. शेतात कोणी टवाळ पोरानं छेडू नये म्हणून या डब्ब्याला थांबण्याचा वेळ दिलेलाच नव्हता. शून्य. वीज मिळाली की सरळ कामाला. कोणाचं ऐकणं नाही.

भाई ओरडले, "कोन्या येड्यानं शून्य ठेवलं बे हे?"

मी म्हटलं, "भाई, तुम्हीच."

भाभी आतून म्हणाल्या, "और कौन!"

मग एकच वाट. उतरवून घेतलेल्या आकड्यांच्या ढिगात ते गाठोडं हातानं शोधायचं. दाबून बांधलेल्या गाठोड्याची सुरुवात ठरलेल्या आकड्यांनी होते. ते आकडे म्हणजे गाठ. गाठ सापडली की तिथून कापायचं आणि सोडून पाहायचं. शोधायला घेतलं आणि लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी मेलेली. इन्व्हर्टर लावा, तर इन्व्हर्टरच्या दुकानवाल्याच्या घरचं इन्व्हर्टर बंद! भाभी काय म्हणाल्या ते मी इथं सांगत नाही.

विष्णुभाऊ दारात उभे होते. म्हणाले, "पंपात बॅटरी हाय. भरेल हाय."

फवारणीचा पंप आत आला. भाईंनी त्याची बॅटरी काढली, गाडीत लावायचा चार्जर जोडला, लॅपटॉप उठला. भाई म्हणाले, "विष्णुभाऊ, या पंपानं जन्मात एवढं चांगलं काम केलं नसंल."

ताई पटकन म्हणाल्या, "मंग बॅटरी राहू द्या तुमच्याकडंच."

पहिली गाठ सापडली, सोडली, आत कचरा. नुसते योगायोगानं तसे पडलेले आकडे. दुसरीतही कचरा. भाई घामानं भिजलेले. पुढच्या गाठीला कापलं, सोडलं, आणि पडदा भरून ओळी धावायला लागल्या. एका खाली एक, एका खाली एक. हा खटका वर. हा खाली. हा वर. फाईल! अख्खी फाईल, एक ओळ कमी नाही. जळालेली, वितळलेली, गेली म्हणून सोडलेली, ती ताईंच्या मांडीवर बसून साखरखेर्ड्याला आली होती.

भाई चष्मा काढून शर्टाला पुसत राहिले. बराच वेळ पुसत राहिले. मग नव्या चिपेपुरते दोन खटके बदलले, बूटलोडर बांधला, नव्या पाटीवर टाकला. लाल दिवा. आम्ही सगळे दिव्यावर वाकलेले. मग हिरवा.

ताई म्हणाल्या, "म्हनजे गावरान निंघाला व्हय डब्बा. बी पोटातच होतं."

बस! तेवढं ऐकलं आणि भाई परत भाई झाले. म्हणाले, "मंग? मी मुद्दाम ठेवलं होतं. असं कधी होईन, म्हनून आंधीच इचार करून ठेवलं होतं." भाभी परात घेऊन बाहेर आल्या. "शादी की तारीख याद नहीं रहती. ये सोच के रखा था?" भाई म्हणाले, "शादीची फाईल कुठी ठेवली थे सांग ना मंग, शोधतो." आम्ही जे हसलो. विष्णुभाऊ उंबऱ्यावर बसून हसत होते, त्यांचा पंप आतून रिकामा, बाजूला आडवा पडलेला. तो माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मुद्दाम ठेवलं होतं का? खरं सांगू, मला माहीत नाही. भाईंनाही माहीत नव्हतं. कधीतरी खटके बसवताना हाही वर केला असेल आणि विसरून गेले असतील. पण लोकहो, चार जणांना उपयोगी पडेल असं काहीतरी करून विसरून जायचं, हे भाईंनी आयुष्यभर केलं. या मंडपात असे किती जण आहेत ज्यांची मोटार भाईंनी सुरू करून दिली आणि वर विचारलं, "हे मी कधी केलं बे?" हात वर करू नका. माईकवाल्याला वाटेल मतदान चाललंय.

आता तुमचा प्रश्न. डब्ब्याचं कसं?

या मोसमाला पुन्हा नव्या पाट्या आल्या. पुन्हा चिप वेगळी. या पाट्या बनवणाऱ्यांना आपली खोड काढायची हौसच आहे. भाईंनी पाट्या उघडून टेबलावर मांडल्या, म्हणाले, उद्या बसू. आणि त्या संध्याकाळी छातीत कळ आली. मेहकरच्या दवाखान्यात न्यायला आणलेल्या रिक्षात चढताना माझ्याकडं वळून म्हणाले, "गज्या, सोल्डरिंग गन बंद कर बे." ज्या माणसानं जन्मात काही बंद केलं नाही, त्या माणसाचं माझ्याशी झालेलं हे शेवटचं बोलणं. अल्ला त्यांना जन्नत देवो.

मी गन बंद केली. आणि काही दिवस त्या खोलीत गेलोच नाही. खरं तर पळायचं ठरवलं होतं. पिशवी भरली होती. मग मंदाताईंचा फोन आला. रडल्या, आणि मग म्हणाल्या, "गजू, पात्या धरायले लागतीन आता. आमच्या यायनं पंप खाली काढून ठेवला खुंटीवरून. नुसता धुऊन ठेवतो म्हनते."

मी पिशवी रिकामी केली.

फाईल होती. यावेळी सगळीकडं होती, माझ्याकडं, भाभींकडं, ताईंच्या मोबाईलमध्येही. भाई बाजूला नव्हते. कोणता खटका कशाचा, हे विचारायला उजवीकडं कोणी नव्हतं. मी अर्धवट शिकलेला माणूस. चुकलो, परत बांधला. चुकलो, परत बांधला. भाभी दारात बसून राहायच्या. काही कळत नव्हतं त्यांना त्यातलं, पण बसायच्या. थांबण्याचा वेळ मी शून्य ठेवला नाही, थोडा दिला. आणि गाठोडं पोटात ठेवायचा खटका वर ठेवला. तो विसरून नाही, पाहून ठेवला.

तो डब्बा मी इथं आणलाय. हा, फोटोच्या शेजारी फडक्याखाली जो आहे, तो हारांचा डबा नाही. भाईंशिवाय बनलेला हा पहिला डब्बा. तुम्हाला खोटं सांगत नाही. काल हा एकदा सुरू झाला आणि एकदा नाही झाला. सकाळी मी एक खटका बदलला. त्यानंतर लावून पाहिला नाही. भाभी म्हणाल्या, सबके सामने लगाना. मी म्हटलं, नाही लागला तर? त्या म्हणाल्या, तो सब बैठ के सोचेंगे.

शोकसभेत आपण उभे राहून शांत राहतो. आजही राहू. पण किती वेळ, हे घड्याळ लावून नको. बूटलोडर जागा होतो, आधी लाल दिवा लावतो, मग एकेकाला उठवतो. तेवढा वेळ लागतो. तेवढा वेळ आपण भाईंसाठी उभं राहू. बोलायचं नाही. उजवीकडं पाहायचं नाही. हिरवा लागला तर हा डब्बा आजच टेम्पोत बसून सुलतानपूरला जाईल. नाही लागला तर लाल विझेपर्यंत उभं राहू आणि मग मी परत कामाला बसेन. मी कुठं जात नाही.

विष्णुभाऊ, तुम्ही बसून राहा, तुम्हाला दम लागतो. नाही? बरं, राहा उभे.

मंदाताई, पुढं या. फडकं काढा. बटन उजव्या अंगाला आहे.

सगळे उभे राहा.

सलीमभाई, सलाम.

ताई, दाबा.